खलास आणि लिस्सा

ओमानमधल्या अल हैलला आमच्या इमारतीखाली भाजीचे एक दुकान आहे. त्याच्या दारात परवा खजुराची या वर्षीची पहिली टोपली आली. वर ओला फडका, फडक्याखाली पिवळी फळे. अर्धे अंग अजून कडक, अर्धे मऊ पडून तांबूस झालेले. दुकानदाराने एक फळ माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाला, "खलास."

मी भरलेल्या टोपलीकडे पाहिले. संपले म्हणतो आहे की काय? मग माझे मलाच हसू आले. इतकी वर्षे या देशात काढूनही हा शब्द मला दर उन्हाळ्यात एकदा तरी फसवतो. खलास हे खजुराच्या एका जातीचे नाव आहे आणि ओमानी माणूस ते जरा अभिमानानेच उच्चारतो. आपल्याकडे खलास म्हणजे संपले. इथल्या बोलीतही संपले, पुरे झाले. ग्रंथांतल्या अरबीत मात्र त्याचा अर्थ सुटका असाही होतो, असे मला एका उन्हाळ्यात कामावरच्या सोबत्याने, अबू करीमने, सांगितले होते. आणि हिब्रू बोलणारी माणसेही 'पुरे आता' म्हणायला हाच शब्द वापरतात, हे मला त्याच उन्हाळ्यात जुन्या ओळखीच्या रिबकाकाकूंकडून कळले. एका शब्दावर इतक्या भाषा हक्क सांगतात आणि शब्दाचे काही बिघडत नाही. उलट तो भरत जातो. जमिनीच्या बाबतीत असे का होत नसावे?

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मला कितपत आहे, याविषयी मी साशंक आहे. मी शीतगृहांची यंत्रे सांभाळणारा माणूस. इतिहास माझा विषय नव्हे. पण पहिला खलास हातात आला की किनाऱ्यावरच्या खाबुऱ्यातला तो एक उन्हाळा परत येतो, आणि त्याच्याबरोबर दोन माणसे येतात. ती एकमेकांना कधी भेटली नाहीत. त्यांच्या मधोमध मी उभा होतो, आणि नीट उभा राहिलो की नाही हे अजून स्वतःला विचारतो आहे.

खजूर पिकण्याच्या या हंगामाला इथे कैझ म्हणतात. आपल्या उन्हाळ्याहून तो वेगळा. हवा समुद्राकडून येते, पण ती ओल्या घोंगडीसारखी अंगावर पडते. झाडे हलत नाहीत. गावात मात्र लगबग असते. माणसे माडासारख्या उंच झाडांवर दोराने स्वतःला बांधून चढतात, खाली घड उतरतात, आणि मशिदीच्या सावलीत बसलेले म्हातारे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर खजूर ठेवतात. खाबुऱ्याला खजूर निवडून पेट्यांत भरण्याच्या एका शेडमध्ये मी तेव्हा कामाला होतो. आतल्या गावांतून ट्रक येत. अबू करीम मालाची प्रतवारी पाही. तो पॅलेस्टिनी, रामल्लाजवळच्या निर्वासितांच्या छावणीत वाढलेला, वयाने माझ्याएवढाच. तो पेटीतले एखादे फळ उचलायचा, अंगठ्याने हलकेच दाबायचा आणि दोनच शब्दांत निकाल द्यायचा. पिकले असेल तर "खलास." नसेल तर "लिस्सा." लिस्सा म्हणजे अजून नाही. दिवसभर शेडमध्ये हे दोन शब्द ऐकू येत: खलास, खलास, लिस्सा.

माझे आडनाव नांदवेकर. अरबीत इंग्रजी 'व्ही'चा उच्चार नाही, त्यामुळे आमच्या अर्बाबांच्या, म्हणजे मालकांच्या तोंडी ते पहिल्याच दिवशी 'नांदफीकर' झाले होते. फिक्र म्हणजे अरबीत विचार.

"ज्याच्या नावातच विचार आहे, तो काम केव्हा करणार?" अर्बाब सगळ्यांसमोर म्हणाले.

मी नम्रपणे सांगितले, की आमच्या भाषेत फिकीर म्हणजे काळजी.

"मग तर बरोबरच नाव आहे! चहा घेतानासुद्धा हा माणूस कपाची माफी मागतो."

तेव्हापासून अबू करीम मला अबू फिक्र म्हणू लागला. काळजीचा बाप. एकदा त्याने विचारले, "पण ते शेवटचं 'कर' काय आहे? शेडमधल्या तुमच्या निम्म्या लोकांना ते लागलेलं आहे."

"गावाच्या नावाला जोडतात. नांदवे हे गाव. नांदवेकर म्हणजे नांदव्याचा."

"आमच्याकडेही तसंच," तो म्हणाला आणि त्याने छातीवरची नावाची पट्टी बोटाने ताणून दाखवली. "लिद्दावी. अल-लिद गावचा. फक्त फरक एवढाच, की तू तुझं गाव पाहिलं आहेस."

त्याचे आजोबा अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात अल-लिदमधून बाहेर काढले गेले. इस्रायल नावाचा देश तेव्हा नुकताच झाला होता. हजारो माणसे भर उन्हात, पाण्याविना, डोंगर चढून रामल्लाकडे चालत गेली. "याच दिवसांत," अबू करीम म्हणे, "खलास पिकतो ना, त्याच दिवसांत." तो कैझ त्याने पाहिलेला नव्हता, तो त्याच्या वडिलांनीही आजोबांच्या खांद्यावरून पाहिला होता. तरी उकाडा वाढला की तो हटकून थंड पाण्याची बाटली जवळ ठेवी आणि पिताना ती पूर्ण रिकामी करत नसे. तळाशी थोडे ठेवी. का, असे मी कधी विचारले नाही.

दुपारी ऊन चढले की बाहेरचे काम थांबे. आम्ही दोघे शीतगृहाच्या भिंतीला पाठ लावून बसत असू, कारण ती भिंत तेवढी गार. तिथे अबू करीमचा एक विरंगुळा होता. फोनवरच्या नकाशात गल्ल्यांची छायाचित्रे असतात. त्यांतून तो बोटाने आजोबांच्या गावात फिरायचा. त्या गावाला आता लोद म्हणतात. खऱ्या पायांनी तिथे जायला त्याला इस्रायलचा परवाना लागतो आणि तो मिळत नाही. बोटाला परवाना लागत नाही. "इथे चर्च आणि मशीद एकाच भिंतीला टेकलेली आहेत," तो दाखवायचा. "इथून डावीकडे वळलं की आजोबांची गल्ली." घर त्याला कधी सापडले नाही. आजोबा एक दगडी कमान सांगत, उजवीकडे झुकलेली. ती दिसत नव्हती. पुष्कळ जुने पाडले गेले होते.

एका दुपारी तो नेहमीसारखा त्या गल्लीत बोट सरकवत होता आणि एकदम थांबला. फोन त्याने माझ्या हातात दिला. एका छोट्या दुकानाची पाटी. वर हिब्रू अक्षरे, खाली इंग्रजीत: नांदवेकर मसाले.

"हा तुझा कोण?" अबू करीमने विचारले.

आवाज चढलेला नव्हता. तो खरोखरच विचारत होता.

आणि मी खरे तेच सांगितले. "आमचा शेजारी."

नांदवे हे रायगडातले लहान गाव, खाडीच्या कडेचे. तिथे दोन प्रकारचे नांदवेकर होते. एक आम्ही. दुसरे बेने इस्रायली, म्हणजे शेकडो वर्षांपासून कोकणात राहिलेले ज्यू. पूर्वी ते घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. माझ्या लहानपणी घाणा गेला होता, पण घर होते, आणि घराच्या मागे विहीर आणि रायआवळ्याचे झाड असलेले परस होते. आमचे आणि त्यांचे परस एकच वाटावे असे. रिबकाकाकूंचा धाकटा दानियल माझ्या वर्गात. त्यांच्याकडे काही शुभ घडले की एलियाहू पैगंबराच्या नावाने मलिदा होई: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वर फळे आणि खजूर. तो खजूर अरबस्तानातून येतो एवढेच मला माहीत होते. आयुष्यातला पहिला खजूर मी एका ज्यू बाईच्या हातून खाल्ला, ही गोष्ट खाबुऱ्यात त्या भिंतीशी बसेपर्यंत मला कधी आठवलीच नव्हती.

मी तिसरीत-चौथीत असताना ते सगळे इस्रायलला गेले. जाताना काकू आमच्या ओसरीवर चहा प्यायल्या आणि माझ्या वडिलांना म्हणाल्या, "भाऊ, परस सांभाळा." घर पुढे पडले. परस वडिलांनी सांभाळले. विहिरीचा गाळ काढला, झाडाला पार बांधला. नंतर तिथे आमचा गोठा झाला. वडील गेल्यावर धाकट्या भावाने, सुधीरने, गोठ्याच्या जागी न्हाणीघर आणि गाडीसाठी पत्र्याची शेड घातली. कुणी काही हिसकावले नाही. फक्त दरवर्षी कुंपण जरासे आपोआप सरकत गेले आणि एक दिवस ते उरलेच नाही.

त्याच उन्हाळ्यात सुधीर मला फोन करत होता. कुणी पर्यटकांसाठी घरे बांधणारा गिऱ्हाईक आला होता. त्याला आमचे घर, आमचे परस आणि ते परस असे एकत्र हवे होते. एकत्र नसेल तर काहीच नको होते.

"दादा, तुझा होकार पाहिजे. बाकी मी बघतो."

"आणि काकूंचं परस?"

"कुठल्या काकूंचं? तू येतोस तेव्हा बघतोसच, झाडलोट कोणाची? विहीर कोणी उपसली? वहिवाट आपली आहे दादा. जो वापरतो त्याची जमीन."

"बघू. इन्शाल्ला."

"तिकडे राहून तुला हे बरं जमायला लागलंय. इन्शाल्ला म्हटलं की झालं!"

वहिवाट हा फार जुना आणि फार सोयीचा शब्द आहे. 'वाहणे' आणि 'वाट' या दोहोंचा त्यात भास होतो. जणू जमीन पाण्यासारखी ज्याच्या दाराशी वाहत आली त्याची झाली. वापराने हक्क निर्माण होतो, हे खोटे नाही. नाही तर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याला काय उरेल? पण आठवणीनेही हक्क राहतो, हेही खोटे नाही. मग कोणता हक्क किती काळ टिकतो? आजोबांपर्यंत? की शेकडो पिढ्या मागच्या पूर्वजांपर्यंत? आणि एका हक्काला दुसरा संपवतो, की दोन्ही एकाच मातीत शेजारी शेजारी जिवंत राहतात? सुधीरशी बोलताना मी इन्शाल्ला म्हणून सुटलो खरा, पण फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की भिंतीला टेकून अबू करीमशी आणि घरी भावाशी मी एकाच विषयावर बोलत होतो.

दुकानाच्या पाटीवर क्रमांक होता. ओमानमधून व्हॉट्सअ‍ॅपवर थेट बोलता येत नाही, पण ध्वनिसंदेश जातात. मी मराठीत संदेश पाठवला. उत्तर दानियलचे नव्हते.

"विनू! अरे, आवाज तर हुबेहूब तुझ्या बापाचा! मी रिबका. तुझी काकू. जिवंत आहे रे अजून. इथे सगळी पोरं मला 'खलास, सावता, खलास' म्हणतात, पुरे झालं आजी, किती बोलशील. मराठी कोणाशी बोलू? तो रायआवळा आहे का रे? का तोडलात मेल्यांनो?"

मी तो संदेश किती तरी वेळा ऐकला. इतक्या वर्षांत त्यांच्या मराठीला काही झालेले नव्हते. आमचीच बदलली होती. माझी मुलगी ते ऐकून म्हणाली, "बाबा, शी साउंड्स लाइक आजी." मग तिने मराठीत सांगायचा प्रयत्न केला, "म्हणजे... आजीसारखं वाटते तिचं."

मी रायआवळा असल्याचे कळवले. गिऱ्हाईकाचे कळवले नाही.

अबू करीमला मात्र मी सगळे सांगितले, आणि सांगताना मला थोडा आनंदच झाला होता. केवढी साखळी, असे मला वाटले. त्याच्या आजोबांच्या गल्लीत माझी काकू राहते, काकूच्या परसात माझा भाऊ गाडी ठेवतो. मी ते तसेच बोलून दाखवले.

तो खजुराची बी बोटांत फिरवू लागला.

"साखळी करू नकोस, या अखी, माझ्या भावा," तो म्हणाला. "तुझ्या काकूने सामान बांधलं, चहा प्यायली, तिकीट काढून गेली. माझ्या आजोबांना चहा कोणी दिला नाही. आणि तिने ठरवलं तर पुढच्या आठवड्यात ती तुझ्या गावात उतरेल. मी? विमानतळावरच्या यंत्रात देश निवडायला सांगतात. त्या यादीत माझा देश कधी असतो, कधी नसतो. नसला की 'इतर' दाबतो. तू कधी 'इतर' दाबलं आहेस?"

मी नाही म्हटले आणि माफी मागितली.

"माफी नको. फरक लक्षात ठेव."

फरक मी लक्षात ठेवला आहे. पण मला काकूंचेही ऐकायचे होते, आणि त्याचे बोलणे मी त्यांना जसेच्या तसे कळवले. उत्तर यायला वेळ लागला.

"खरं आहे त्याचं," काकू म्हणाल्या. "माझं दुःख त्याच्याएवढं नाही. पण त्याला सांग, आम्ही कोणाला हाकलायला आलो नव्हतो. माझे सासरे, त्यांचे वडील, सगळे रोज याच दिशेला तोंड करून प्रार्थना करायचे. कधी न पाहिलेल्या गावाची आठवण काढायचे. तुमच्या काकांना वाटलं, आपण घरी चाललोय. नांदव्यात कोणी आम्हाला बोटसुद्धा लावलं नाही रे, पण दुसऱ्या मुलखांत आमच्या लोकांचं काय झालं ते ऐकून हे म्हणायचे, जगात एक तरी जागा अशी पाहिजे जिथून कोणी आपल्याला काढणार नाही. इथे आलो तर इथलेच काही विचारायचे, तुम्ही खरे ज्यू ना? ते पण सोसलं."

हे ऐकून अबू करीम म्हणाला, "कधी न पाहिलेल्या गावाची आठवण. ते मला समजतं." आणि मग, "फार चांगलं समजतं. तेच तर."

याहून जास्त जवळ ते दोघे त्या विषयात आले नाहीत. मला वाटते, येऊ शकतही नव्हते. त्याला वाटे की घरी परतण्याची ती दोन हजार वर्षांची ओढ त्याच्या आजोबांच्या अंगणातून गेली. काकूंना वाटे की ती ओढ नसती तर त्यांचे लोक उरलेच नसते. दोघांनाही स्वतःचा झेंडा असलेला देश हवा होता, आणि दोघांचाही देश एकाच मातीवर काढलेला होता. मी ऐकत होतो. न्याय देण्याची माझी योग्यता नव्हती, आणि खरे सांगायचे तर उत्सुकता इतकी होती की न्यायाची घाईही नव्हती.

मग अबू करीमने एक दिवस पेट्या तपासता तपासता, माझ्याकडे न बघता म्हटले, "तिला विचार. कमान आहे का म्हणून. उजवीकडे झुकलेली."

मी विचारले. संध्याकाळी उत्तर आले, ते दुसऱ्या दुपारी भिंतीशी बसून मी त्याला ऐकवले आणि एकेक वाक्य थांबवून भाषांतर करून सांगितले. काकू म्हणत होत्या, की दुकानामागच्या चौकात एक दगडी कमान आहे. तिच्याखाली मुले सायकली ठेवतात. ती कोणाची हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. "आम्हाला घर दिलं तेव्हा रिकामं आहे म्हणाले. रिकामं कसं झालं, ते मीही विचारलं नाही." मग त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, की नातू त्सावात आहे, कुठे आहे ते कळवत नाहीत, डोळ्याला डोळा लागत नाही, भोंगा वाजला की जिन्याखाली जाऊन बसते.

नातवाचे मी गाळले. गाझात युद्ध चालू होते आणि अबू करीमची आत्या तिथे होती. तिचा फोन कधी लागे, कधी दिवसच्या दिवस लागत नसे. मी म्हटले, "ती म्हणते, झोप येत नाही. भोंगे वाजतात."

"आणि?"

"आणि काही नाही."

तो उठला. पँट झटकली. "त्सावा म्हणाली ती. त्सावा म्हणजे सैन्य. अबू फिक्र, मी त्या सैन्याच्या चौक्यांवर रांगेत उभा राहून मोठा झालो आहे. तो शब्द मला कोणत्याही भाषेच्या मध्ये ऐकू येतो."

नंतर तो भिंतीशी येईनासा झाला. कामापुरते बोले. मी पेट्यांजवळून गेलो की "लिस्सा, लिस्सा" करत फळे बाजूला टाकी, चांगलीसुद्धा. गाळले ती माझी लबाडी नव्हती. मला त्याला दुखवायचे नव्हते. पण दुखवायचे नसणे हाही मालकीचा एक प्रकार असतो, हे मला त्या रिकाम्या भिंतीशी एकट्याने बसून उमगले. त्याने काय ऐकावे हे मी परस्पर ठरवले होते. विचारले नव्हते.

तो परत आला तेव्हा हातात दोन चहा होते. बसला आणि म्हणाला, "आम्हाला आयुष्यभर लोकांनी गाळूनच सांगितलं आहे. तू तरी सगळं सांग. लाव पुन्हा."

मी संदेश पुन्हा लावला. या वेळी काही सोडले नाही. नातवापाशी आलो तेव्हा त्याने डोळे मिटले.

"नाव काय मुलाचं?"

"सांगितलेलं नाही."

"विचार."

मी विचारले, आणि विचारताना काकूंना त्याच्या आत्याविषयीही सांगितले. आता एका बाजूला पूर्ण आणि दुसऱ्या बाजूला अर्धे सांगणे शक्य नव्हते. नातवाचे नाव एली, एलियाहू पैगंबरावरून ठेवलेले. अबू करीमने ते एकदा स्वतःशी म्हटले. काकूंनी खाली एक ओळ बोलून ठेवली होती: "आत्याचा फोन लागला का, ते मला कळव."

त्या कैझात मग असा क्रम पडला, की तो अधूनमधून विचारी, "आला का तो घरी?" आणि त्या विचारीत, "लागला का फोन?" एली एकदा रजेवर आला. फोन एकदा लागला, पुन्हा बंद झाला. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याची बाजू मान्य केली नाही. मी हे मुद्दाम लिहितो, कारण असे लिहिताना गोडवा आणण्याचा मोह होतो आणि तेही गाळणेच झाले असते.

या सगळ्यात परसाचे मी काकूंना सांगितलेच नव्हते. सुधीरचे फोन वाढले होते. गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हता. आणि रोज दुपारी मी अशा माणसाशेजारी बसत होतो, ज्याच्या आजोबांना कोणी विचारले नव्हते.

शेवटी एका सकाळी, ट्रक यायच्या आधी, मी फोन तोंडाशी धरला. "काकू, सुधीरला सगळं विकायचं आहे. त्यात तुमचं परसही आलं. त्याच्या मुलांची शिक्षणं आहेत, त्याची अडचण खरी आहे. तुम्ही म्हणाल तर तुमचा वाटा तुम्हाला देऊ. विकू का?"

मनातून मला खात्री होती, की त्या हो म्हणतील. त्या वयात, तिथे बसून, त्यांना विहिरीचे काय करायचे होते? त्या हो म्हणतील, मला हलके वाटेल आणि सुधीरचे कामही होईल. विचारण्याचे पुण्यही पदरात, जमीनही पदरात. आपले मन किती व्यवस्थित हिशेब मांडते!

काकूंचा संदेश अगदी लहान होता.

"नको रे विनू. विकू नका. मी काय तिथे राहायला येणार नाही. पण नको." मग थोडा श्वास, आणि "बरं केलंस, विचारलंस."

हे सुधीरला सांगणे फार अवघड गेले.

"तू विचारलंसच कशाला?" तो ओरडला. "दादा, जे विचारल्यावर नाही म्हणणार, त्यांना विचारायचंच कशाला!"

या वाक्यावर मी अजून विचार करतो. भाऊ रागात बोलला, पण जगातल्या किती तरी सीमा याच एका वाक्यावर आखल्या गेल्या असाव्यात. विचारणे म्हणजे नकाराला जागा ठेवणे. ती ठेवायची नसेल, तर आपण नुसते कळवत असतो.

मी होकार दिला नाही. व्यवहार मोडला. सुधीर त्यानंतर माझ्याशी सणावारापुरते बोलतो, तेही माझ्या बायकोच्या फोनवर, आणि 'दादा' म्हणताना जरा थांबतो. व्यवहार मोडल्याची किंमत त्याने मोजली, मी नाही. मी तर इथे सुखरूप होतो. त्याच्याकडे माझी माफी बाकी आहे, आणि त्या परसाच्या बाबतीत माफी मागण्यासारखे मी काही केले नाही, असेही मला वाटते. दोन्ही एकदम वाटते.

अबू करीमला मी काकूंचा नकार सांगितला तेव्हा तो हसला. प्रथमच इतका मोठ्याने, की पेट्या भरणारी माणसे वळून पाहू लागली.

"म्हणजे एका म्हातारीला विचारलं. ती नाही म्हणाली. आणि जमीन विकली गेली नाही?"

"हो."

"असं होऊ शकतं?" त्याने डोळे पुसले. "कोकणात तरी होऊ शकतं म्हणायचं."

हंगाम सरत आला होता. खलासचे शेवटचे ट्रक येत होते, रस गळणारे, माश्यांनी भरलेले. एका दुपारी माझ्या फोनवर दानियलने एक छायाचित्र पाठवले. सोबत काकूंचे शब्द होते: "सायकली बाजूला करायला लावल्या मी. झाडून घेतलं. त्याला दाखव."

दगडी कमान. चुना उडालेला, वरून विजेच्या तारा गेलेल्या, पायाशी नुकतीच झाडलेली, ओली फरसबंदी. आणि ती झुकलेली होती, उजवीकडे, अगदी जराशी. माहीत नसलेल्याच्या लक्षातही आले नसते.

अबू करीमने फोन दोन्ही हातांत धरला. "आजोबा सांगायचे तेव्हा मला वाटायचं, म्हातारा काही तरी बोलतो. कमान कशी झुकेल?" त्याने चित्र मोठे केले, एकेक दगडावरून बोट नेले, पुन्हा लहान केले. मिळाले काहीच नव्हते. घर नाही, परवाना नाही, देश नाही. तिकडे फक्त काही सायकली हलल्या होत्या. समोर ट्रक येऊन थांबला. मालवाहू पट्टा सुरू झाला. अर्बाबांनी लांबून हाक मारली, "यल्ला, अबू करीम! फिकर, तूही!"

मी हात पुढे केला. "खलास?"

त्याने फोन दिला नाही. बाटलीतले पाणी प्यायला, तळाशी थोडे ठेवले, आणि चित्रावरची नजर न काढता म्हणाला,

"लिस्सा."